दुकान ते स्वयंपाकघर, व्हाया माडी

आमच्या घरात निरोप पोचवायची एकच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. ओरडायचं. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर आहे. पुढं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मधे अंधारा बोळ, मागं स्वयंपाकघर, वर माडी. आई मागून हाक मारणार, टेस्टिंगला लावलेल्या मोटारीच्या घरघरीत मला ती ऐकू येणार नाही, मग ती माडीवरच्या पुतणीला हाक मारणार आणि पुतणी कठड्यावरून अर्धी खाली लोंबकळून "काकाऽऽ" करणार. मोबाईल आहेत हो सगळ्यांकडं. पण आईचा उशीखाली असतो आणि माझ्या हाताला कायम वार्निश.

तर गेल्या पावसाळ्याआधी आम्ही या तीन ठिकाणांत नेटवर्क टाकलं. वायफाय नव्हे. तीन संगणक, तिघंही माझ्या शाळेच्या वयातले, आणि त्यांना जोडणारी टेलिफोनची वायर. जोडणीचा खर्च चारशेच्या आत. चहा त्यात धरलेला नाही.

आधी यंत्रं कुठनं आली ते सांगतो. १९८४-८५ ला केंद्र सरकारनं शाळांत संगणक शिकवायचा 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला होता. पहिल्या फेरीत देशातल्या २५० शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं बीबीसीसाठी १९८१ मध्ये काढलेला हा संगणक. ६५०२ प्रोसेसर, २ मेगाहर्ट्‌झ, ३२ के मेमरी. आमच्या शाळेतही ते पुढं आले. मी आठवीत. चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांना पडदे, एका यंत्राभोवती सातजण. मी सातवा. अख्ख्या वर्षात मी एकदा रिटर्नचं बटण दाबलं, तेही सर मागं वळले होते म्हणून. एवढ्याचा राग चाळीस वर्षं टिकतो का? टिकतो.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या दुकानात माझ्या छातीएवढं. पाणी उतरल्यावर गावातल्या सगळ्या संस्थांनी सामान बाहेर काढलं. त्यात एका शाळेच्या वरच्या कपाटातले, पाणी न लागलेले दोन बीबीसी भंगारात निघाले. माझ्याकडं तांब्याची जुनी तार न्यायला येणारा भंगारवाला म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या कामाचं हाय का बघा, कीबोर्डासारखं हाय." दोन्ही मिळून बाराशे रुपये दिले. त्यानंतर वर्षभर जिल्ह्यातल्या बुडालेल्या पंपांच्या मोटारी भरण्यातच गेलं, यंत्रं माळ्यावर पडून राहिली.

तिसरा स्पेक्ट्रम प्लस, इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक. भारतात परवान्यावर तयार झालेला 'डीबी स्पेक्ट्रम'. पुण्याच्या मामेभावानं वापरून टाकलेला. झेड ८० प्रोसेसर, ४८ के मेमरी. कीबोर्डाखालचा पापुद्रा पार कडक होऊन चिरला होता, तो नवा मागवला. तो खर्च मी नेटवर्कात धरत नाही. नवरीच्या दागिन्यांचा खर्च मांडवाच्या हिशेबात कोण लिहितं?

एक सूचना, कुणाला असलं काही सापडलं तर. चाळीस वर्षांचा बीबीसी थेट प्लगात घालू नका. पॉवर सप्लायमध्ये मेनच्या तोंडाशी जो फिल्टर कपॅसिटर असतो, त्याच्या पारदर्शक अंगाला बारीक भेगा पडलेल्या असतात. हवेतली ओल आत शिरते आणि तो फट्‌कन जातो. मला हे माहीत होतं. एकाचा बदललाही. दुसऱ्याचं म्हटलं, बघू तरी चालतोय का. दहा मिनिटं छान चालला. मग फट्, आणि दुकानभर पांढरा, डोळे झोंबणारा धूर. आई बोळातून आली नि म्हणाली, "पूर झाला, आता आग लाव."

पुतणी इंजिनिअरिंगला आहे, विश्रामबागला. हॉस्टेल नको म्हणून आमच्याकडं राहते. नेटवर्कची कल्पना तिची. मी तिला सांगत होतो की हे संगणक जोडायची त्या काळात रीतसर सोय होती. एकॉर्नचं इकोनेट होतं, एका तारेवर २५४ यंत्रांपर्यंत. स्पेक्ट्रमला इंटरफेस वन नावाचा डबा लावला की ६४ स्पेक्ट्रम साध्या ऑडिओ वायरीनं बोलायचे. पण आमच्या बीबीसींच्या बोर्डावर इकोनेटच्या चिपांच्या जागा रिकाम्या, आणि इंटरफेस वन आज मिळाला तरी त्याची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. शिवाय ही दोन घराणी एकमेकांशी बोलत नाहीत.

"पण काका, सीरियल पोर्ट तर आहे ना बीबीसीला? मग रिंग करू. एकाचं बाहेर जाणारं दुसऱ्याच्या आत."

आहे की. बीबीसीच्या पाठीला आरएस ४२३ चं भोक आहे, म्हणजे एका तारेवरून एकेक बिट ओळीनं सोडणारा सीरियल पोर्ट. एकाची डेटा-आउट दुसऱ्याच्या डेटा-इनला, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची परत पहिल्याला. निरोप आपला असेल तर ठेवून घ्यायचा, नसेल तर पुढं सरकवायचा. पंगतीत मिठाची वाटी फिरते तसं. १९८७ साली अटारीच्या एसटी संगणकांवर 'मिडी मेझ' नावाचा खेळ अशाच गोल फिरवलेल्या वायरीवर १६ जण मिळून खेळायचे, म्हणजे कल्पना काही आमची नाही. हब नको, सर्व्हर नको. फक्त तार, आणि तारेत माझा जन्म गेला.

मी दोन जोडीची टेलिफोन वायर घेतली. चार तारा. एक निरोपाची, एक जमिनीची. तिसरी उलट्या दिशेनं जाणारी, जिच्यावर घेणारा देणाऱ्याला सांगतो की थांब, माझे हात भरलेत. चौथी शिल्लक. तिसऱ्या तारेचं पुस्तकी नाव वेगळं आहे, आमच्याकडं तिचं नाव 'थांब'. पहिल्या दिवशी ती जोडायचा मी कंटाळा केला. दुकानातल्या बीबीसीवरून अक्षरं सोडली, स्वयंपाकघरातल्या बीबीसीला ढिम्म काही कळेना, आणि थोड्या वेळानं दुकानातला गोठून उभा. कारण बीबीसीला त्या पिनवर 'ये' असा स्पष्ट इशारा मिळाल्याशिवाय तो एक अक्षर बाहेर टाकत नाही. त्याचा बफर, म्हणजे पाठवायची अक्षरं ठेवायची जागा, भरत जातो आणि भरला की बसतो रुसून. तार जोडली, दोन्हीकडं *एफएक्स ७,७ आणि *एफएक्स ८,७ हे हुकूम टाकून येण्या-जाण्याचा वेग सेकंदाला ९६०० बिटांवर बांधला, आणि गाडी सुरू.

प्लगाची वेगळी गंमत. बीबीसीचं हे भोक पाच पिनांचं, पण जुन्या टेपरेकॉर्डरला असायचं तसलं अर्धगोल मांडणीचं नाही. फाशावरच्या पाचासारखं. चार कोपऱ्यांना चार, मधे एक. तसला प्लग मेन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नाही, मिरजेत नाही. मग टेपरेकॉर्डरचे मोडके प्लग फोडून त्यातल्या पिना काढल्या, यंत्राच्या भोकातच एकेक खोवली, वायरी डागल्या आणि वरून एम-सीलचा गोळा थापला. अर्ध्या तासानं अख्खा गोळा ओढून काढला, आत बरोबर पाच पिना ताठ उभ्या. दिसायला शेणाच्या गोवरीसारखा, पण घट्ट बसतो. फक्त पाचाचा फासा उलटा धरला तरी पाचच दिसतो, तसा हा प्लग उलटाही तितक्याच आनंदानं आत जातो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी बायकोचं लाल नेलपॉलिश आणून वरच्या बाजूला ठिपका दिला. आता घरात चार लाल ठिपक्याच्या गोवऱ्या आहेत.

खरं काम स्पेक्ट्रमचं. त्याला सीरियल पोर्टच नाही. मागं नुसती बोर्डाची उघडी कड आहे, दोन्ही बाजूंना २८-२८ पट्ट्या, आणि प्रोसेसरच्या सगळ्या तारा तिथं आणून सोडल्यात. तिथं बसणारा कनेक्टर विकत घ्यायचा तर बाहेरून मागवा. पण जुन्या पीसीच्या मदरबोर्डावरचे काळे आयएसए स्लॉट आठवतात? ८ बिटांच्या स्लॉटात ३१-३१ पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर तंतोतंत तेवढंच, इंचाचा दहावा भाग. भंगारातला बोर्ड, हॉट एअरनं स्लॉट उपटला, हॅक्सॉनं तीन खण कापले. वीस रुपये.

त्याच्यापुढं झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डावर, चार चिप. यातला हिशेब मला फार आवडला, म्हणून सांगतोच. आपल्याला बाहेर दोन गोष्टी द्यायच्यात, निरोप आणि 'थांब'. ७४ एलएस ७४ या चिपमध्ये बरोबर दोनच फ्लिपफ्लॉप असतात, एकेक बिट धरून ठेवणारे. आत दोन गोष्टी घ्यायच्यात, समोरच्याचा निरोप आणि समोरच्याचं 'थांब'. त्याला ७४ एलएस १२५ चे दोन बफर, इथं म्हणजे विचारलं तरच इशारा आत सोडणारी दारं. प्रोसेसर नेमकं आपल्याशीच बोलतोय हे ओळखायला ७४ एलएस ३२ ची तीन ऑर गेटं, आपला पत्ता पोर्ट २२३. आणि ५ व्होल्टचे इशारे सीरियलच्या अधिक-उणे व्होल्टेजमध्ये बदलायला मॅक्स २३२, ज्यात दोन बाहेर जाणारे आणि दोन आत येणारे. दोन आणि दोन. नवा गिऱ्हाईक मोटार घेऊन यावा आणि पेटीत उरलेली तार बरोब्बर त्याच मोटारीपुरती निघावी, तसं झालं.

आता त्या दोन तारांवर बिटं मोजायची कोणी? स्पेक्ट्रमनं स्वतःच. त्याचा प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके टाकतो, ९६०० नं भागलं की एका बिटाच्या वाट्याला साधारण ३६४ ठोके येतात. म्हणजे तारेवरचा इशारा खाली पडला की दीड बिट थांबायचं, बघायचं, मग ३६४ ठोके थांबायचं, बघायचं, असं आठ वेळा. हा प्रोग्रॅम पुतणीनं लिहिला, असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, एकेका सूचनेचे ठोके वहीत मोजून. मधे व्यत्यय नको म्हणून इंटरप्ट बंद. मोबाईलवरून आवाज वाजवून तो स्पेक्ट्रममध्ये भरला, जशी पूर्वी कॅसेट लावायचे. दुकानातून मी ए ते झेड सोडत बसलो.

पडद्यावर चिवडा. पण पूर्ण चिवडा नाही. पाच-सहा अक्षरं स्वच्छ, मग आठ-नऊ वाट्टेल ती, परत पाच-सहा स्वच्छ. तीन दिवस. मी वायर बदलली, डाग परत दिले, गोवरी उलटी-सुलटी केली. ठोके परत मोजले, बरोबर. तिसऱ्या रात्री पुतणी माडीच्या जिन्यात वही घेऊन बसली होती. मी दुकान बंद करून वर चाललो तर म्हणाली, "काका, ही चूक घड्याळ लावून येतेय. एक चांगलं टोपलं, एक वाईट टोपलं, दोन्ही मिळून वीस मिलिसेकंद."

वीस मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. टीव्हीवर एक चित्र काढायला लागणारा वेळ. तिथं टाळी वाजली. स्पेक्ट्रममध्ये चित्र काढणारी युएलए नावाची चिप आणि प्रोसेसर हे दोघं खालच्या १६ के मेमरीवर एकाच वेळी हात मारतात. युएलएचा मान पहिला. ती चित्राच्या ३१२ ओळींपैकी मधल्या १९२ ओळी काढत असते तोवर प्रोसेसरला म्हणते थांब, आणि तो मुकाट थांबतो. वरच्या-खालच्या किनारीला तिला मेमरी लागत नाही, तेव्हा प्रोसेसर मोकळा. आमचा प्रोग्रॅम ३०००० या पत्त्यावर होता, म्हणजे ३२७६८ च्या खाली, थेट त्या भांडणाच्या गल्लीत. किनार चालू असताना आलेली अक्षरं शुद्ध, चित्र चालू असताना आलेली चिवडा. ठोके वहीत बरोबर होते, यंत्रात लांबत होते. प्रोग्रॅम उचलून ४०००० वर ठेवला, आधी क्लिअर ३९९९९, म्हणजे त्याच्या वरच्या जागेला बाकी कुणी हात लावायचा नाही. बाकी एका अक्षराचाही बदल नाही. ए ते झेड, ए ते झेड, पडदा भरून वाहिला. रात्रीचा एक वाजला होता. भडंग सोडून खायला घरात काही नव्हतं, ते खाल्लं.

मग रिंग पुरी केली. दुकान १, माडी २, स्वयंपाकघर ३. निरोपाचा साचा अगदी गावठी ठेवला, पहिलं अक्षर कोणाला, दुसरं कोणाकडून, मग मजकूर, शेवटी रिटर्न. बेसिक या संगणकाच्या भाषेत हाताळायला सोपं. मराठी रोमन लिपीतच लिहितो. स्पेक्ट्रमवर स्वतः काढायची २१ अक्षरं मिळतात, त्यांत 'सांगली' बसतं पण 'स्वयंपाकघर' जरा जड जातं.

पहिल्या आठवड्यात भुताटकी सुरू झाली. मी दुकानातून आईला एकापाठोपाठ दोन निरोप पाठवले की पहिला पोचायचा आणि दुसरा मलाच परत यायचा. पाठवणारा कोण, तर 'सी'. घरात 'सी' नावाचं कोणी नाही. मजकूर होता "चहा पाठव", त्यातलं पहिलं रोमन अक्षर सी. आता बघा काय व्हायचं. स्पेक्ट्रम निरोप घेतला की पुढं सरकवायच्या आधी मागच्याला 'थांब' म्हणतो, कारण तो एका वेळी एकच काम करू शकतो. बीबीसी थांबतोही. पण तोंडात घेतलेलं अक्षर पुरं बाहेर टाकूनच थांबतो. ते एक अक्षर आमच्या पाठमोऱ्या स्पेक्ट्रमच्या डोक्यावरून जायचं, आणि ते असायचं दुसऱ्या निरोपाचा पत्ता. 'तीनला, एकाकडून' मधलं तीन गेलं की उरतं 'एकाला'. पत्र पत्ता पुसून पाठवणाऱ्याच्या दारात. उपाय सोपा होता. 'थांब' म्हटल्यावरही दोन अक्षरांएवढा वेळ कान उघडे ठेवायचे, आलंच काही तर बाजूला ठेवायचं. एसटीचा कंडक्टर घंटी दिल्यावरही एकदा मागं बघतो ना.

दुसरी गोष्ट माझ्याच धंद्याची. टेस्टिंगला ५ एचपीची मोटार टाकली की त्या क्षणी चालू असलेल्या निरोपात कंस नि टक्क्याची चिन्हं उगवायची. पुतणी म्हणाली चेकसम घालू, म्हणजे अक्षरांची बेरीज बरोबर पाठवायची आणि पलीकडं ताडून बघायची. मी वायर स्टार्टरच्या पॅनेलपासून उचलून पलीकडच्या भिंतीला नेली. चेकसमची वेळ आली नाही.

आणि तो 'जेवायला या'चा प्रकार. एका रात्री यंत्रं रात्रभर चालू ठेवून बघू म्हणून तशीच सोडली होती. झोपायच्या आधी आईनं, तिला आता दोन बोटांनी टाइप करता येतं, "जेवायला या" पाठवलं होतं. पत्त्यात १ च्या ऐवजी ४. चार नंबर घरात नाहीच. दुकान म्हणालं माझा नाही, पुढं. माडी म्हणाली माझा नाही, पुढं. स्वयंपाकघर म्हणालं माझा नाही, पुढं. सकाळी शटर उघडलं तर पडदा वरपासून खालपर्यंत "पुढे पाठवला: जेवायला या" यानं भरलेला आणि अजून सरकतोय. रात्रभर बिचारं ते आमंत्रण घराभोवती फिरत होतं. पहिलं गिऱ्हाईक म्हैसाळचं, सबमर्सिबल घेऊन आलेलं. त्यानं पडद्याकडं बघून विचारलं, "कुणाला एवढा आग्रह चाललाय ओ?"

त्यावर नियम घातला की निरोपावर पाठवणारा म्हणून आपलंच नाव दिसलं की तो गिळून टाकायचा, आणि पडद्यावर लिहायचं 'कोणी घेतला नाही'. फेरी पुरी करून आला, म्हणजे वाटेत कोणाचा नव्हता. एका नियमात दोन कामं झाली.

रिंगचा मोठा दोष मात्र तसाच आहे. एक यंत्र बंद पडलं की तिघं मुके. दुकानाचा फ्यूज उडाला की माडी आणि स्वयंपाकघरही गप्प. म्हणून मी एक जोड केली, एम-सीलचीच, जी यंत्राच्या जागी लावली की आतल्या तारा सरळ बाहेर निघतात. ती दुकानात खिळ्याला टांगलेली असते.

जुलैच्या शेवटी कोयनेतून पाणी सोडलं आणि आयर्विन पुलावर ३६, ३७ असे फूट चढायला लागले. ४० ला इशारा, ४५ ला धोका, पण गावभागातला माणूस आकड्याची वाट बघत नाही. स्वयंपाकघराचं जोतं उंच आहे, ते राहू दिलं. दुकानातलं सामान मी पोरांना घेऊन वर चढवलं. तांब्याची तार, गिऱ्हाइकांच्या मोटारी, आणि शेवटी एक नंबरचा बीबीसी गोधडीत गुंडाळून माळ्यावर. त्याच्या जागी खिळ्यावरची जोड लावली.

वर माडीत आलो, ओला, पाठ धरलेली. पुतणी स्पेक्ट्रमपुढं बसून खिडकीतून रस्त्याकडं बघत होती. दुकानाला निरोप टाकला होता, "काका, पाणी कुठवर आलं?" तो स्वयंपाकघरातून गेला, खाली रिकाम्या दुकानातल्या जोडीतून फिरला आणि तिच्याच पडद्यावर परत आला, 'कोणी घेतला नाही'. मी तिच्या मागं टॉवेलनं डोकं पुसत उभा होतो. म्हटलं, "अजून चौकातच आहे."